डोळ्यांची गुणवत्ता यादी

माझ्या डोळ्यांना शंभरपैकी सात गुण मिळाले, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. लपवून उपयोग नाही. आमच्या कॉलनीच्या फाटकाला चार बाय सहाचा फ्लेक्स लागला होता, त्यात खालून तिसरं नाव माझं होतं, आणि दूधवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळे तो थांबून वाचत होते. रेणुकादास कंधारकर, वय सदुसष्ट, गुण सात. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या पोरांनी शंभरपैकी शंभर आणले. एकानं अठ्ठ्याण्णव आणले तर त्याचा बाप माझ्याकडं जाब विचारायला आला होता. सात गुण मात्र आमच्या घराण्यात, सासुरवाडीत किंवा शिष्यवर्गात कुणाला पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तसा दोष माझाच. ते शिबिर मीच आणलं होतं.

झालं असं, की नांदेडच्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यानं नवं यंत्र घेतल्याची बातमी मी पेपरात वाचली. ते यंत्र डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतं, आणि मग तो फोटो बघून कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे आपलं ते एआय, सांगतं की साखरेमुळं पडदा खराब होतोय का. सुई नाही, थेंब नाहीत, डॉक्टरसुद्धा नाही. आमची कॉलनी लातूरच्या औसा रोडला, आणि सगळी साठीपुढची मंडळी. पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, आणि घरोघरी मागं राहिली आहे ती साखर, रक्तातली. मी ज्येष्ठ नागरिक मंडळाचा सचिव. सचिवाच्या हातून वर्षाला एखादं तरी भरीव काम व्हावं अशी माझी स्वतःकडून अपेक्षा असते. मागच्या वर्षी मी नळाची वेळ बदलून घ्यायला गेलो होतो आणि पंधरा दिवस पाणीच आलं नव्हतं, तेव्हापासून मी जरा जपून असतो. पण डोळ्यांच्या फोटोत काय बिघडणार, असं मला वाटलं.

पहिली अडचण अर्जाची आली. दवाखान्याच्या अर्जात मोबाइल नंबर सक्तीचा होता. आणि नेमकं महिन्यापूर्वीच मी मंडळात ‘फोनवरची फसवणूक आणि आपण’ या विषयावर दीड तास बोललो होतो. अनोळखी नंबर उचलू नका, नाव सांगू नका, घरात कोण असतं ते सांगू नका, असं सगळं बजावून सांगितलं होतं. माझं भाषण इतकं प्रभावी होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. एकेचाळीस अर्जांपैकी एकावरही कुणी नंबर लिहीना.

“सर, तुमचाच लिवा की सगळ्यांच्या फुडं,” सिद्रामप्पा म्हणाले. “तुमी काय फसणार न्हाई.”

सिद्रामप्पा म्हणजे आमचे शेजारी आणि मंडळाचे अध्यक्ष. मूळचे उदगीरचे, पशुखाद्याचं दुकान मुलावर सोपवून इथं येऊन राहिलेले. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून भारदस्त, आणि कुठल्याही कामाला एक कार्यक्रम जोडल्याशिवाय त्यांना ते काम झाल्यासारखं वाटत नाही. तर एकेचाळीस अर्जांवर मी एकेचाळीस वेळा माझा नंबर लिहिला. लिहिताना मला बरंच वाटत होतं, हे कबूल करतो. एवढ्या लोकांचा विश्वास ही काही साधी गोष्ट नाही.

शिबिराच्या दिवशी दवाखान्यातून स्वप्नाली नावाची तंत्रज्ञ मुलगी यंत्र घेऊन आली. फोटोला अंधार लागतो म्हणाली. मंडळाच्या सभागृहाला सात खिडक्या आहेत आणि पडदा एकीलाही नाही. मग सिद्रामप्पांच्या बायकोनं, नीलम्मांनी, घरातल्या सोलापुरी चादरी आणल्या, कुणी सतरंज्या आणल्या, आणि खिडक्या झाकल्यावर आत इतका अंधार झाला, की रांगेतले तीन जण चुकून दुसऱ्यांदा फोटो काढून आले. “हनुवटी इथं टेका, हिरव्या ठिपक्याकडं बघा, पापणी मारू नका,” स्वप्नाली प्रत्येकाला तेच सांगत होती. दुपारपर्यंत सगळे फोटो झाले, पण इंटरनेट बंद पडलं. फोटो नांदेडला नेऊन त्या एआयला दाखवावे लागणार होते.

“निकाल दोन दिवसांनी कळवते,” असं म्हणून ती गेली.

लातूरमध्ये निकाल हा शब्द जपून वापरावा. बाहेरगावच्या माणसांना हे ठाऊक नसतं. ती ‘रिपोर्ट’ म्हणाली असती, ‘तपासणी’ म्हणाली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. निकाल म्हटल्याबरोबर सभागृहातल्या चाळीस माणसांच्या चेहऱ्यावर एकदम ताण आला. दोन दिवस कॉलनीत कुणी धड जेवलं नाही. “तुमचं कसं गेलं?” असं लोक एकमेकांना फाटकात विचारू लागले. कुणी म्हणे, उजवा बरा गेला, डाव्याला जरा पापणी हलली.

यादी माझ्या फोनवर आली तेव्हा मी दाताच्या दवाखान्यात तोंड उघडून पडलो होतो. तशीच सिद्रामप्पांकडं पुढं पाठवली. त्यांनी ती झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली. यादी रुंद होती, कागद अरुंद होता, त्यामुळं शेवटचा रकाना दुसऱ्या कागदावर गेला. त्या दुसऱ्या कागदावर ना नाव ना गाव, नुसता एक इंग्रजी शब्द काही ओळींत होता आणि बाकी ओळी मोकळ्या. सिद्रामप्पांनी तो वाया गेलेला कागद म्हणून बाजूला ठेवला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लगेच कार्यक्रमाची रूपरेषा लिहायला घेतली. पहिल्या कागदावर होतं नाव, वय, आणि एक आकडा, वर मथळा काहीच नाही. कुणाला चार, कुणाला अकरा, कुणाला अठ्ठावन्न.

आकडा मोठा असला की चांगला, या समजुतीवर मी चौतीस वर्षं पगार घेतला. त्यामुळं दुसरी काही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नाही. कॉलनीत दोन निवृत्त प्राचार्य आहेत, एक शिक्षण खात्यातले अधिकारी आहेत, खाजगी क्लासवाले तर पाच आहेत. कुणाच्याच डोक्यात आली नाही. एकेचाळीसपैकी आठ जण पस्तीसच्या वर होते. बाकी तेहतीस नापास.

आणि पहिली आली होती सौ. प्रमोदिनी रेणुकादास कंधारकर, गुण एक्याण्णव.

माझी बायको. दहावीला तिला त्रेपन्न टक्के होते. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी ते जरा हळू आवाजात सांगितलं होतं आणि मी गेली एक्केचाळीस वर्षं ते अधूनमधून जरा मोठ्या आवाजात सांगत आलो होतो. रांगोळीत तिला कधी उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नव्हतं. ती यादी तिनं हातात घेतली, दोनदा वाचली आणि खुर्चीवर बसली.

“अहो, मी पहिली आले,” ती म्हणाली. एवढंच. पण तिचा चेहरा असा मी आमच्या मुलाच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पाहिला.

मी “हं” म्हणालो. नवऱ्यानं याहून जास्त काहीतरी म्हणायला हवं होतं, हे मला आता कळतं.

तिनं साजूक तुपातला शिरा केला, कॉलनीभर वाटला, आणि चौदा वर्षं साखरेची गोळी घेत असूनही स्वतः दोन वाट्या खाल्ला. पहिल्या नंबराला सगळं माफ असतं. सिद्रामप्पांचा पाचवा नंबर होता, गुण अठ्ठावन्न. तेही खुशीत होते, कारण नीलम्मांना फक्त चार पडले होते. त्या बिचाऱ्या सकाळ-संध्याकाळ गाजराचा रस पिऊ लागल्या. फ्लेक्स सिद्रामप्पांनीच लावला. वरती आठ गुणवंतांचे फोटो, त्यात प्रमोदिनीचा सगळ्यांत मोठा, आणि खाली उरलेल्यांची नावं गुणांसकट. उरलेल्यांची कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, “सर, पारदर्शकता पायजे.”

मग माझ्याकडं सल्ल्यांची रीघ लागली. सकाळी दवात अनवाणी चाला. काशाच्या वाटीनं तळपायाला गाईचं तूप चोळा. एका प्राचार्यांनी तर पुढच्या वेळचा अभ्यास म्हणून हिरव्या ठिपक्याकडं रोज दहा मिनिटं बघायचा सराव सुचवला आणि भिंतीवर लावायला हिरवी टिकली दिली. मी ती लावली आणि चार दिवस बघितलं. गणिताच्या मास्तरावर ही वेळ यावी, याचं मला आतून फार वाईट वाटत होतं.

“सर, तुमचं काय झालं सांगू का,” सिद्रामप्पा एकदा कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले. “तुमी फोटोच्या टायमाला डोळे वटारलाव. जलमभर पोरायला वटारून बगायची सवय. मशीन घाबरलं बगा.”

सगळे हसले. प्रमोदिनीही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं माझी समजूत घातली. “मनाला लावून घेऊ नका. गुण म्हणजे सगळं नसतं,” असं ती मला म्हणाली. हे वाक्य मी आयुष्यात हजारो नापास पोरांना ऐकवलं आहे. ते इतकं निरुपयोगी असतं याची मला कल्पना नव्हती.

याच दिवसांत मला नांदेडहून फोन येऊ लागले. पहिला फोन भर दुपारी आला.

“कंधारकर काका बोलताय का? प्रमोदिनी कंधारकर तुमच्याच घरी असतात ना? त्यांच्या फोटोबद्दल बोलायचं होतं, जरा तातडीचं आहे.”

घरात कोण असतं, फोटो, तातडी. माझ्या भाषणातले तीनही मुद्दे एका वाक्यात आले होते. मी त्या मुलीला स्पष्ट सांगितलं, की असल्या फोटोंच्या धमक्यांना भीक घालणारा मी नव्हे, आणि पुन्हा फोन केलास तर शिवाजी चौकातल्या पोलिस ठाण्यात तुझा नंबर देईन. तिनं पुन्हा केला. मी तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. मग दुसऱ्या नंबरवरून आला, तोही बंद केला. असे सहा झाले. संध्याकाळी कट्ट्यावर मी हे सगळं रंगवून सांगितलं, तेव्हा सात गुणांनंतर पहिल्यांदाच लोकांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं.

तरी सल काही जाईना. सिद्रामप्पांनी गुणवंतांच्या सत्काराचा दिवस ठरवला, शाली आणल्या, आणि आभारप्रदर्शन सचिव म्हणून माझ्याकडं दिलं. म्हणजे सात गुणवाल्यानं एक्याण्णववालीचे आभार मानायचे. तेव्हा मी मनाशी एक निर्णय घेतला. लातूरमध्ये कमी गुण पडलेला माणूस रडत बसत नाही, तो फेरतपासणीला अर्ज करतो. मी अर्ज लिहिला. ‘माझ्या दोन्ही नेत्रांचे पुनर्मूल्यांकन होऊन योग्य ते गुण मिळावेत.’ पेपर वाचताना मला अजून चष्मा लागत नाही हा मुद्दा पुरावा म्हणून जोडला. आणि सत्काराच्या दिवशीच सकाळी, जुन्या शाळेतून सेवापुस्तकाची नक्कल आणायची आहे असं घरात खोटं सांगून, मी नांदेडची बस धरली. संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत सुधारित गुण घेऊन परतायचं, असा बेत होता.

दवाखान्यात खिडकीवर उमाशंकर नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी अर्ज उलटा धरून वाचला, मग सुलटा धरून वाचला.

“काय होऊन राहिलं डोळ्याला?”

“काही नाही.”

“दुखतं?”

“नाही.”

“मग कामून आलात?”

“गुण कमी पडलेत.”

त्यांनी मला चार नंबरच्या खिडकीवर पाठवलं. चार नंबरनं आधारकार्डाची प्रत मागितली आणि सातवर पाठवलं. सातवाल्या बाईंनी फेरतपासणीचा असा नमुनाच नाही म्हणून मला तक्रार पुस्तिकेत लिहायला सांगितलं, आणि त्या पुस्तिकेच्या कपाटाची किल्ली उमाशंकर यांच्याकडं होती. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात जोडले आणि मला आत शिबिर विभागात नेऊन बसवलं. तिथं स्वप्नाली होती. माझं नाव ऐकलं मात्र, ती उभीच राहिली.

“काका, तुम्हीच ते? तुम्ही मला पोलिसात देणार होतात!”

 तिनं वही उघडली. प्रमोदिनीच्या नावापुढं सहा तारखा होत्या, आणि प्रत्येकीपुढं ‘फोन बंद केला’ असं लिहिलेलं.

“सगळ्या कॉलनीचा एकच नंबर दिलाय तुम्ही. आठ जणांना लगेच बोलवायचं होतं. कुणाला सांगू मी? शेवटी परवा पत्रंपण टाकली दवाखान्यातून, अजून नाही मिळाली का? काकूंना एक्याण्णव आलेत.”

“हो,” मी म्हणालो. “पहिल्या आल्या ना. आज सत्कार आहे.”

तिनं वही मिटली. मग मला डॉक्टर राजश्रींच्या खोलीत घेऊन गेली. त्यांनी पडद्यावर दोन फोटो लावले. एक माझ्या डोळ्याचा, स्वच्छ नारिंगी, कडेला बारीक शिरा. दुसरा प्रमोदिनीचा डावा डोळा. त्यात लाल ठिपके होते, पिवळे डाग होते, आणि बरोबर मध्ये, जिथून माणूस वाचतो, सुई ओवतो, समोरच्याचं तोंड बघतो, तिथं सगळं सुजून धूसर झालेलं होतं.

“हे गुण नाहीत, काका,” डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “हा धोका आहे. जेवढा आकडा मोठा तेवढा पडदा बिघडलाय. तुमचे सात म्हणजे तुमचे डोळे उत्तम आहेत. काकूंचा डावा डोळा आत्ता इंजेक्शन दिलं तर बहुतेक वाचेल. अजून महिनाभर घालवला असता तर मी काही बोलू शकले नसते. उद्या आणा.”

मला माझे सात गुण चांगले असल्याचा क्षणभरसुद्धा आनंद झाला नाही, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. पूर्ण रस्ताभर मी एकच गणित करत होतो: पहिला फोन कधी आला आणि त्याला किती दिवस झाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तेच गणित पुन्हा पुन्हा केलं आणि उत्तर दरवेळी तेवढंच आलं. अठरा दिवस. सरळ तिला फोन करून सांगावं, असं चारदा वाटलं. चारदा फोन लावला. तिनं घेतला नाही. सत्काराच्या गडबडीत घरीच विसरली होती.

पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. मंचावर आठ खुर्च्या, मागं फाटकावरून काढून आणलेला तोच फ्लेक्स, सिद्रामप्पा माइकवर. प्रमोदिनी मधल्या खुर्चीत, अंगावर शाल, हातात नारळ. तिनं जांभळी इरकल नेसली होती. मी घामाघूम होऊन सरळ मंचावर चढलो.

“हे बगा, सरबी आले,” सिद्रामप्पा म्हणाले. “आता सर आभार मानतील.”

“कार्यक्रम थांबवा,” मी म्हणालो. “हा निकाल उलटा आहे. ज्याला जास्त गुण त्याचा डोळा जास्त खराब.”

 मागून कुणीतरी हसलं. एक हसला तसे सगळे हसले.

“सर,” सिद्रामप्पा माइक बाजूला धरून म्हणाले, पण त्यांचा आवाज माइकशिवायही सगळ्यांना ऐकू जातो. “मोठ्या मनानं घ्या की. बायकोच हाय, परकी हाय का? असं जळू न्हाई.”

“मी नांदेडला जाऊन आलोय. डॉक्टरांनी सांगितलं.”

“नांदेडला?” प्रमोदिनी म्हणाली. “तुम्ही तर सेवापुस्तकाला गेला होतात.”

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “सेवापुस्तक नव्हतं. मी फेरतपासणीला गेलो होतो. माझे गुण वाढवून घ्यायला.”

यावर कुणी हसलं नाही. प्रमोदिनीनं नारळ खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

“एक्केचाळीस वर्षांत मी एकदा पहिली आले,” ती म्हणाली. “एकदा. तेसुद्धा तुम्हाला बघवलं नाही.”

माझ्याकडं पुरावा म्हणून काही नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण ती इंग्रजीत होती आणि माझ्या हातात होती. माझ्या हातातल्या कुठल्याच कागदावर त्या वेळी कुणी विश्वास ठेवला नसता. मी स्वतःसुद्धा ठेवला नसता. मग मी काय केलं, तर चारचौघांत कधी बायकोच्या हाताला हात न लावलेला मी, तिच्याजवळ गेलो आणि माझ्या तळहातानं तिचा उजवा डोळा झाकला.

“मागं वळ,” मी म्हणालो. “फ्लेक्सवर तुझा फोटो आहे. डाव्या डोळ्यानं बघ.”

“अहो, काय करताय, लोक बघतायत—”

“बघू दे. तू बघ.”

ती वळली. तिच्या डोक्यापेक्षा मोठा तो फोटो होता, चार हातांवर. ती बराच वेळ बघत राहिली. तिची पापणी माझ्या हाताला लागत होती.

“माझं तोंड कुठं आहे?” ती हळूच म्हणाली. “पदर दिसतोय. कान दिसतायत. मध्ये तोंडच नाही.”

नीलम्मा पहिल्या उठल्या. त्यांनी सिद्रामप्पांच्या हातातून कार्यक्रमाचा कागद घेतला आणि, त्यावर काय लिहिलंय ते बघायला म्हणून, उलटा केला. तोच तो वाया गेलेला शेवटचा रकाना. त्यांनी तो मंचाजवळ भिंतीवर चिकटवलेल्या मूळ छापील यादीशेजारी धरला. इंग्रजी शब्द एकच होता, त्याचा अर्थ ‘डॉक्टरकडे पाठवा’, आणि तो बरोबर आठ नावांपुढं येत होता. पाचव्या ओळीवर सिद्रामप्पा होते.

“चला खाली उतरा,” नीलम्मा नवऱ्याला म्हणाल्या. “लई झाला सत्कार.”

सिद्रामप्पांनी शाल काढली, घडी केली आणि खुर्चीत बसून राहिले. त्यांना गप्प बसलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं आहे.

 घरी दाराशी आल्यावर प्रमोदिनी म्हणाली, “दोन महिने झाले सुई ओवता येईना. तांदळातले खडे दिसेनात. मी म्हणणारच होते तुम्हाला. पण मशीननं एक्याण्णव दिले, तर मला वाटलं, डोळा चांगलाच असणार, मलाच नीट बघता येत नाही.”  मी कुलूप उघडून तिला आधी आत जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या क्रूझर जीपमधून आमची गुणवत्ता यादी नांदेडला निघाली. आठही जण, आणि डबे घेऊन नीलम्मा. सिद्रामप्पांचं लेझरवर भागलं. प्रमोदिनीला तीन महिन्यांत तीन इंजेक्शनं लागली. डोळ्यात सुई म्हटल्यावर मीच बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. ती मात्र आत गेली आणि दहा मिनिटांत पट्टी बांधून बाहेर आली. शिरा बंद झाला. घरातले सुई-दोरा आणि तांदूळ निवडणं ही दोन कामं माझ्याकडं आली, आणि माझ्या सात गुणांच्या डोळ्यांनीसुद्धा मी रोज दोन खडे तरी शिजवतोच, असं तिचं म्हणणं आहे.

तिसऱ्या इंजेक्शननंतर डॉक्टर राजश्रींनी साधी तपासणी ठेवली. यंत्र नाही, फोटो नाही. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि समोर खुर्ची. उजव्या डोळ्यावर झाकणी. मी तिच्या मागं उभा होतो.

पहिली ओळ तिनं वाचली. दुसरी वाचली. तिसरीला ती थांबली.

चौतीस वर्षांत मी परीक्षेच्या दालनात कुणाला मान वळवू दिली नाही. संस्थाचालकाच्या मुलाची कॉपी मी पकडली होती आणि त्यापायी माझी बदली झाली होती, तरी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. तो मी, त्या दिवशी तिच्या कानाशी वाकलो. तिला ती ओळ यायलाच हवी होती. ती नाही आली तर काय, हा विचार मला सहन होईना.

“व,” मी कुजबुजलो.

“काका!” डॉक्टर ओरडल्या.

“गप्प बसा हो,” प्रमोदिनी मान न वळवता म्हणाली. “व नाही, ब आहे तो. मला दिसतोय.”

डॉक्टरांनी मला खोलीबाहेर काढलं. जन्मात पहिल्यांदाच मला कुणी वर्गाबाहेर काढलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो, रुमाल काढून डोळे पुसले, आणि दाराला कान लावला. आत ती चौथी ओळ वाचत होती.